‘आ’ करा म्हणणारं कुणीतरी हवं

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : प्राथमिक आरोग्य केंद्रांत कान, नाक, तोंड व घसा तपासण्याची साधी सोय सुरू करण्याबाबत

माननीय मंत्रिमहोदय,

राज्यातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात पाऊल ठेवलं की आधी दंडाला रक्तदाबाचा पट्टा बसतो. मग बोटाला सुई टोचून साखर पाहिली जाते, वजन घेतलं जातं, बाई गरोदर असेल तर पोट तपासलं जातं. ही शिस्त गेल्या काही वर्षांत लागली आणि चांगली लागली. पण त्याच केंद्रात एखादी आई पोराचा वाहता कान दाखवायला आली, की बहुतेक वेळा डॉक्टर खिशातला मोबाईल काढतात, त्याच्या उजेडात कानाच्या तोंडाशी पाहतात आणि थेंब लिहून देतात. कानाचा पडदा त्या उजेडात दिसत नाही. तो दाखवणारा ऑटोस्कोप एक तर केंद्रात नसतो, नाहीतर कपाटात असतो आणि त्यातल्या सेलने कधीच मान टाकलेली असते.

मी तालुक्याच्या गावी कान-नाक-घशाचा दवाखाना चालवतो. माझ्याकडे पोचणारे रुग्ण बहुधा दोन-तीन ठिकाणी औषध घेऊन, वर्ष-दोन वर्षं काढून आलेले असतात. त्यांच्याकडे पाहून माझं जे मत झालं ते असं : गळ्याच्या वरचे आजार औषधाअभावी फारसे बिघडत नाहीत, वेळेवर कुणी आत डोकावून न पाहिल्यामुळे बिघडतात. डोकावायला लागतो एक चांगला टॉर्च, जीभ दाबायची लाकडी पट्टी, एक ऑटोस्कोप आणि काय पाहायचं हे शिकलेला माणूस. या पत्रात मी नवं रुग्णालय मागत नाही, नवी योजनाही मागत नाही. योजना कागदावर आधीच आहेत.

केंद्रातल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. एम.बी.बी.एस. झालेल्या मुलाच्या इंटर्नशिपमध्ये कान-नाक-घशाच्या वाट्याला दोन आठवडे येतात. त्यानंतर तो जिथे जातो तिथे साप चावलेला माणूस, अडलेली बाळंतीण आणि तापाची साथ समोर असते. ग्रामीण रुग्णालयाच्या ठरलेल्या तज्ज्ञांत फिजिशियन, सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ येतात, आमची शाखा सहसा त्यांत नसते. शिवाय आमच्या रुग्णाला आज रात्री मरण येणार नसतं. वाहता कान, बसलेला आवाज, तोंडातला पांढरा डाग यांसाठी कुणी रुग्णवाहिका बोलवत नाही. म्हणून हे सगळं मागे मागे सरकत जातं.

कानापासून सुरुवात करतो. कानाच्या बाबतीत घरोघरी एक वैद्य असतो. कोमट तेल, लसूण परतलेलं तेल, आईचं दूध, देवाच्या नावाचं पाणी, यातलं काहीतरी कानात पडल्याशिवाय पोर दवाखान्यात येत नाही. आठवडी बाजारात कानकोरणं घेऊन फिरणारे आहेत, शहरात बड्स आहेत. खरं तर कानाला साफ करणारा लागत नाही. कानाच्या नळीची कातडी पडद्याकडून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत असते आणि मळाला आपसूक बाहेर आणते. बड घातला की तोच मळ आत ढकलला जाऊन पडद्याशी घट्ट बसतो. मग माणसाला ऐकू कमी येतं आणि तो आणखी खोल कोरतो. पडद्याला आधीच भोक असेल, तर वरून ओतलेलं तेल थेट मधल्या कानात उतरतं.

‘कान फुटला’ असं आपण म्हणतो त्याचे दोन प्रकार आहेत आणि बाहेरून ते ओळखू येत नाहीत. एका प्रकारात पडद्याच्या मध्यभागी भोक असतं. सर्दी झाली की कान वाहतो, औषधाने थांबतो. पुढे पडदा शिवण्याची शस्त्रक्रिया केली की प्रश्न मिटतो. दुसऱ्या प्रकारात पू अगदी थोडा येतो, पण त्याला घाण वास असतो. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातून कातडीची एक पिशवी आत वाढते आणि वाळवीसारखी भोवतालचं हाड खात जाते. ऐकण्याची इवलीशी हाडं जातात, चेहरा हलवणारी नस जाऊ शकते आणि उपचार नाही मिळाले तर मेंदूत पू होऊ शकतो. आई दोन्ही वेळेला एकच वाक्य बोलते, ‘कान वाहतोय’. दोन्ही वेळेला तेच थेंब लिहून मिळतात. दोहोंतला फरक पडद्यावर नजर पडल्याशिवाय कळत नाही.

लहान मुलांचेच कान जास्त का फुटतात, याचं कारण त्यांच्या रचनेत आहे. नाकाच्या मागच्या बाजूपासून मधल्या कानापर्यंत एक नळी जाते. गिळताना, जांभई देताना ती क्षणभर उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. मोठ्या माणसात ती लांब आणि उतरती असते, मुलांत आखूड आणि जवळजवळ आडवी. सर्दीतले जंतू त्या वाटेने सहज वर चढतात. पुष्कळदा कान वाहत नाही, दुखतही नाही, पडद्यामागे नुसतं चिकट पाणी साचून राहतं. असं पोर हाक मारली तर ओ देत नाही, टीव्हीचा आवाज वाढवतं, आणि बाई म्हणतात, ‘याचं वर्गात लक्ष नसतं.’ आश्रमशाळेत शेवटच्या बाकावर बसणाऱ्या, ऊसतोडीच्या हंगामात फडावर गेलेल्या मुलांचे कान किती जणांनी पाहिले असतील? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जातात. त्यांच्या यादीत जन्मजात बहिरेपण आहे, कानाचा जंतुसंसर्गही आहे. पथकाच्या पिशवीत चालू ऑटोस्कोप मात्र असायला हवा.

हा कार्यक्रम देशभर सुरू झाला तो आपल्या मातीतून. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला त्याचं उद्घाटन झालं, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. म्हणून नवजात बाळाच्या ऐकण्याच्या तपासणीत तरी महाराष्ट्राने मागे राहू नये असं वाटतं. हजार जन्मांमागे एक ते तीन बाळं कायमची ऐकण्यातली अडचण घेऊन येतात. बाळ दिसायला ठणठणीत असतं. रडतं, हसतं, पहिले काही महिने तोंडाने आवाजही काढतं. घरचे लोक पाठीमागे थाळी वाजवून पाहतात. बाळ वळतं ते हाताच्या हालचालीने किंवा सावलीने, आणि घराला वाटतं ऐकतंय. दोन वर्षांचं झालं तरी बोलत नाही, तर आजी सांगते की त्याचे मामाही उशिरा बोलले होते. माझ्यापुढे ते येतं तेव्हा तीन-चार वर्षांचं झालेलं असतं.

तोवर मोठं नुकसान होऊन गेलेलं असतं. भाषा शिकण्याची मेंदूची तयारी पहिल्या दोन-तीन वर्षांत सगळ्यांत जास्त असते. त्या काळात कानावर शब्दच पडला नाही, तर नंतर श्रवणयंत्र लावलं किंवा कॉक्लिअर इम्प्लांट केलं तरी वाट अवघड होऊन बसते. म्हणून जगभर एक सोपं वेळापत्रक मानतात : एक महिन्याच्या आत चाळणी तपासणी, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार. ही चाळणी ज्या शोधामुळे सोपी झाली तो लंडनच्या डेव्हिड केम्प यांचा, १९७८ सालचा. निरोगी कान आवाज ऐकताना स्वतःही एक अतिशय बारीक आवाज बाहेर सोडतो, हे त्यांनी दाखवलं. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोक ठेवलं की यंत्र तो परतीचा आवाज टिपतं. सुई नाही, भूल नाही, काही मिनिटांचं काम. जन्मल्या जन्मल्या कानात पाणी असतं, त्यामुळे एक-दोन दिवस थांबून तपासणं बरं. पहिल्यांदा ‘नापास’ झालेलं बाळ बहिरं ठरत नाही, त्याला पुन्हा बोलवून तपासायचं, मग गरज पडली तर आवाज मेंदूपर्यंत पोचतो का हे पाहणारी ‘बेरा’ तपासणी करायची. काचेच्या पेटीत राहिलेल्या बाळांची बेराच व्हायला हवी.

पुढच्या उपचारांसाठी राज्यात जागा नाहीत असंही नाही. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामाला वाहिलेली आहे. कॉक्लिअर इम्प्लांटसाठी सरकारी मदत आहे. प्रतिबंधाचं काम तर आपण केलंही आहे. गरोदरपणात रुबेला झाला तर बाळ बहिरं होऊ शकतं, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या गोवर-रुबेला मोहिमेत राज्यातल्या शाळाशाळांत मुलांना लस टोचली गेली. जिथे साखळी तुटते ती जागा प्रसूतिगृहाच्या दारात आहे. बाळ कान न तपासता घरी जातं.

नाकाबद्दल फार लांबण लावत नाही, कारण इथे पुष्कळ गोष्टी घरीच निस्तरता येतात. उन्हाळ्यात मुलांचा घोळणा फुटतो, तेव्हा आपण डोकं मागे करून पोराला झोपवतो आणि कांदा फोडून हुंगायला देतो. मागे वाकलं की रक्त घशात उतरतं आणि पोर ओकतं. डोकं थोडं पुढे वाकवून, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा-पंधरा मिनिटं न सोडता दाबलं, तर बहुतेक रक्तस्राव थांबतो. नाक मोकळं करायचे थेंब आठवडाभरापेक्षा जास्त वापरले तर नाक उलट जास्तच चोंदतं, हेही औषधाच्या दुकानात कुणी सांगत नाही. पण दोन गोष्टी आरोग्य सेविकेपासून अंगणवाडी ताईपर्यंत सगळ्यांना पाठ असायला हव्यात. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर आत पावटा, शेंगदाणा, खडूचा तुकडा किंवा स्पंज अडकलाय असं धरून चालायचं. आणि ती वस्तू खेळण्यातली बटणाएवढी बॅटरी असेल, तर उद्यावर ढकलायचं नाही, कारण काही तासांतच तिने नाकातला पडदा भाजून निघतो.

नाकात न पाहण्याची किंमत आपण २०२१ च्या उन्हाळ्यात मोजली. कोविडमधून उठलेले, साखर वाढलेले, स्टिरॉइड घेतलेले रुग्ण म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार घेऊन येऊ लागले. सुरुवात होती ती एका बाजूचं नाक चोंदणं, गाल बधिर होणं, वरचे दात हलणं, नाकात काळी खपली. या टप्प्यावर ज्याच्या नाकात कुणी दुर्बीण घातली त्याचा डोळा वाचण्याची आशा होती. डोळा सुजून आल्यावर जो आला त्याच्यासाठी निर्णय अवघड झाले. अ‍ॅम्फोटेरिसिन या त्यावरच्या औषधाची टंचाई सगळ्यांच्या लक्षात राहिली. त्या आधीच्या आठवड्यात गाल बधिर झालाय म्हणून रुग्ण कुणाला सांगत होता, हे मात्र कुणी विचारलं नाही.

घसा. माणसाला स्वतःचं जिवंत स्वरयंत्र पहिल्यांदा पाहता आलं ते एका गायन-शिक्षकामुळे. मान्युएल गार्सिया नावाच्या स्पॅनिश उस्तादाने १८५४ साली पॅरिसमध्ये दाताच्या डॉक्टरचा लांब दांड्याचा आरसा घशात धरला, दुसऱ्या हातातल्या आरशाने त्यावर सूर्याचा उजेड पाडला आणि गाताना आपल्याच स्वरतंतूंची उघडझाप पाहिली. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याने ते मांडलं. घसा पाहण्याची आमची विद्या तिथून वाढली. दोन आरसे आणि ऊन एवढ्यावर जे १८५४ मध्ये दिसलं, ते आज मोठ्या गावातही पाहिलं जात नाही. आवाज बसला की खोकल्याचं औषध, मग दुसरं औषध, मग ज्येष्ठमध, मग गरम पाण्याच्या गुळण्या. शिक्षिका, कीर्तनकार, भाजी विकणाऱ्या बायका यांच्या स्वरतंतूंवर गाठी येतात. त्या बहुधा साध्या असतात आणि आवाजाला विश्रांती व बोलण्याची शिस्त दिली की बऱ्या होतात. पण तंबाखू खाणाऱ्याचा, विडी ओढणाऱ्याचा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, तर स्वरयंत्र कुणीतरी डोळ्यांनी पाहिलंच पाहिजे. स्वरतंतूचा कर्करोग आवाज बदलून लवकर वर्दी देतो. त्या वेळी गाठला तर माणूस आणि त्याचा आवाज दोन्ही वाचण्याची चांगली शक्यता असते.

मुलांच्या घशात आणखी एक खाच आहे. घसादुखी बहुतेक वेळा विषाणूंची असते आणि तिला प्रतिजैविकांची गरज नसते. पण पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाला एका ठरावीक जंतूने घसा धरला आणि उपचार नाही झाले, तर दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. नुसतं पाहून जंतू कोणता हे शंभर टक्के सांगता येत नाही. तरी टॉन्सिलवरचा पू, टाळूवरचे लाल ठिपके, मानेतल्या दुखऱ्या गाठी, खोकला नसणं, एवढं नीट पाहिलं तर पेनिसिलिन कुणाला द्यायचं आणि कुणाला उगीच द्यायचं नाही, याचा निर्णय पुष्कळ सुधारतो. आणि लशी चुकलेल्या मुलाच्या घशात राखाडी पापुद्रा दिसला, तर तो घटसर्प आहे असं समजून धावपळ करायची. लस असतानाही तो संपलेला नाही. तो ज्याने कधी पाहिला नाही, त्या तरुण डॉक्टरला निदान त्याचं चित्र तरी दाखवून ठेवायला हवं.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतलं त्या तोंडाकडे येतो.

जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. निर्णय योग्य होता. त्यानंतर टपरीवर मावा घोटला जाऊ लागला, विदर्भात खर्रा प्लास्टिकच्या पिशवीत घासला जातो, आणि तंबाखू व सुपारी सुटी मिळत असल्यामुळे बंदीतला माल तोंडात जायची वाट बदलली, एवढंच. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातली चारांमागे जवळजवळ एक प्रौढ व्यक्ती धूरविरहित तंबाखू वापरताना आढळली, तर धूम्रपान करणारे चार टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे आपल्याकडची तंबाखू फुप्फुसात कमी जाते, गालात जास्त बसते. त्यात मिश्री आहेच. भाजलेल्या तंबाखूची काळी पूड सकाळी हिरड्यांवर घासणाऱ्या बायका तिला व्यसन मानत नाहीत, दात घासणं म्हणतात. विचारलं, ‘तंबाखू खाता का?’ तर प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. सुपारीचंही तेच. ती पूजेत आहे, जेवणानंतर आहे, पुडीत आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालच्या आपल्या ग्रंथात नुसती सुपारीही माणसाला कर्करोग करते असा स्पष्ट निष्कर्ष दिला, तरी ती लहान मुलाच्या हातात द्यायला कुणाला भीती वाटत नाही.

सुपारीचा पहिला वार तोंड उघडण्यावर होतो. तोंडाची आग होते, तिखट लागेनासं नव्हे तर सोसेनासं होतं. गालाच्या आतली कातडी पांढरी, ताठ होत जाते. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात. सुपारी खाणाऱ्या मुलांच्या तोंडात दोन, मग एक, मग भाकरीचा तुकडा बारीक करून सारावा लागतो. मी हे कॉलेजच्या मुलांत पाहतो. ताठ झालेली कातडी पूर्वीसारखी मऊ होत नाही, आणि पुढे त्यातल्या काहींना कर्करोग होतो. तंबाखूचा डाग वेगळा : जिथे बार ठेवायचा नेमकी तिथेच, गाल आणि हिरडीच्या खाचेत पांढरा पट्टा, लाल चट्टा, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम. ती दुखत नाही म्हणून दाखवली जात नाही. दुखायला लागते तेव्हा मानेत गाठ आलेली असते. मग मुंबईची वाट, टाटा रुग्णालयाच्या आवारातला मुक्काम, विकलेली जनावरं, अर्धा जबडा. शरीराच्या आतल्या फार थोड्या जागा अशा आहेत जिथे कर्करोग होण्याआधीची खूण टॉर्चने दिसते. तोंड त्यांतलं पहिलं, आणि आपल्या राज्यात तेच सगळ्यांत कमी उघडलं जातं.

हे नुसतं माझं मत नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून डॉ. आर. शंकरनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठा प्रयोग केला. १३ विभागांत मिळून सुमारे १ लाख ९० हजार माणसं होती, त्यांपैकी काही विभागांत आरोग्य कार्यकर्त्यांनी घरी जाऊन लोकांचं तोंड पाहिलं, बाकीच्यांत पाहिलं नाही. पाहणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले पदवीधर होते. हातात टॉर्च. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी झाले. ज्यांना व्यसन नव्हतं त्यांना असा फायदा दिसला नाही. म्हणून सरसकट सगळ्या राज्याचं तोंड उघडा असं मी म्हणत नाही. मिश्री, मावा, खर्रा, सुपारी, विडी आणि दारू यांपैकी काही घेणाऱ्याचं तोंड दरवर्षी एकदा तरी उघडा, एवढंच म्हणतो.

हेही कागदावर आहे. तीस वर्षांवरच्या माणसांच्या घरोघरच्या नोंदणीत आशाताई तंबाखूबद्दल विचारते, तोंडात जखम आहे का हेही विचारते. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या बारा सेवांच्या यादीत कान-नाक-घशाची प्राथमिक सेवा आहे. राष्ट्रीय बहिरेपणा प्रतिबंध कार्यक्रम कित्येक वर्षं चालू आहे. पण प्रश्न विचारणं आणि तोंड उघडून पाहणं यांत फार अंतर आहे. जी जखम दुखत नाही तिच्याबद्दल ‘आहे का’ असं विचारलं, तर उत्तर ‘नाही’ हेच येणार. फॉर्म पूर्ण भरला जातो आणि डाग जिथल्या तिथे राहतो.

म्हाताऱ्या माणसांबद्दल दोन शब्द लिहिले नाहीत तर पत्र अपुरं राहील. उठता-बसता, कूस बदलताना जग गरगरतं म्हणून आलेल्या आजीला मानेचा एक्स-रे, सलाईन आणि महिन्याभराच्या चकरेच्या गोळ्या मिळतात. अशा पुष्कळ जणींच्या आतल्या कानातले बारीक स्फटिक जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत गेलेले असतात. पलंगावर डोकं ठरावीक क्रमाने फिरवलं की ते परत जागी जातात. या क्रियेला एप्लीची पद्धत म्हणतात, तिला पाच-दहा मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत. तसंच, सकाळी उठल्यावर एक कान अचानक बंद झाला तर तो मळच असेल असं धरून लोक आठवडे घालवतात. आत मळ नसेल तर ती नसेची इजा असू शकते आणि स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांत सगळ्यांत जास्त होतो. इथेही पहिला प्रश्न तोच : आत कुणी पाहिलं का?

आपल्या खात्यातून या पत्राला तीन उत्तरं येतील, ती मला ठाऊक आहेत. पहिलं, तज्ज्ञ नाहीत. खरं आहे, म्हणूनच तज्ज्ञ नसलेल्याने पाहावं असं म्हणतोय, आणि तिरुवनंतपुरमने ते जमतं हे दाखवलंय. दुसरं, आधीच कामाचा बोजा फार आहे. तेही खरं, आशाताईंच्या पाठीवर मी आणखी एक गोणी ठेवू इच्छित नाही. तोंड पाहण्याचं काम समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने करावं, आशाताईने माणूस फक्त केंद्रात आणावा, आणि त्याचा मोबदला तिला मिळावा. तिसरं, सापडल्यावर पाठवायचं कुठे? हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे. शोधून वाऱ्यावर सोडण्यापेक्षा न शोधलेलं बरं, असं मीही म्हणेन. म्हणून तपासणीआधी पुढची वाट बांधावी लागेल.

माझ्या मागण्या अशा :

१. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि बाल स्वास्थ्य पथकाकडे एक चालू ऑटोस्कोप, चांगला टॉर्च, लाकडी पट्ट्या आणि ५१२ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क असावा. यादीत नाव असणं पुरेसं नाही, सेल बदलण्याची जबाबदारी कुणाची तेही लिहावं.

२. वैद्यकीय अधिकारी आणि समुदाय आरोग्य अधिकारी यांना जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घशाच्या बाह्यरुग्ण विभागात दोन दिवस बसवावं. सभागृहात स्लाइड दाखवू नयेत, खऱ्या रुग्णांचे कान आणि तोंडं दाखवावीत.

३. जास्त बाळंतपणं होणाऱ्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात, घरी सोडण्याआधी बाळाच्या कानांची तपासणी व्हावी. लहान केंद्रांत जन्मलेल्या बाळांना जवळच्या रुग्णालयात महिन्याच्या आत तपासावं, आणि जे राहिलं त्याला दीड महिन्याच्या लशीच्या दिवशी तरी गाठावं. निकालाची नोंद लसीकरणाच्या कार्डावर असावी.

४. तंबाखू किंवा सुपारी घेणाऱ्याचं तोंड, तीस वर्षांची अट न ठेवता, वर्षातून एकदा टॉर्चने तपासावं. ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नापुढे ‘मिश्री लावता का, सुपारी खाता का’ हे दोन प्रश्न वाढवावेत.

५. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात महिन्यातला एक वार कान-नाक-घशासाठी ठरवावा. जिल्ह्याचे डॉक्टर येतील, आमच्यासारखे खाजगी डॉक्टरही येतील. मी येईन. तिथून पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या शस्त्रक्रियेपर्यंत चिठ्ठी कुठे अडकते, हे पाहणारा एक माणूस तालुक्यात असावा.

६. दर महिन्याच्या अहवालात चार नवे रकाने असावेत : किती पडदे पाहिले, किती बाळांचे कान तपासले, किती तोंडं उघडून पाहिली, आणि पुढे पाठवलेल्यांपैकी किती जण खरोखर पोचले.

या सहांत शेवटची मागणी सर्वांत स्वस्त आहे आणि बाकीच्या पाच तिच्यावर टिकून आहेत. सरकारी यंत्रणेत काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, ज्याचा रकाना नाही त्याची विचारणा नाही, आणि ज्याची विचारणा नाही ते काम होत नाही. रक्तदाबाचा पट्टा दंडाला बसू लागला तो मासिक बैठकीत आकडा विचारला जाऊ लागल्यावर. ऑटोस्कोपही कपाटातून तेव्हाच बाहेर येईल. एका जिल्ह्यात सहा महिने करून पाहा. आकडे चुकीचे निघाले तर मला जाब विचारा. बरोबर निघाले तर बाकीच्या जिल्ह्यांसाठी परिपत्रक काढा. त्यावर सही तुमचीच लागते.

आपला,
तालुक्याच्या गावातला एक कान-नाक-घशाचा डॉक्टर